थांब्याचे गाव : नॉर्थ प्लॅट

अमेरिकेच्या नकाशात ओमाहा शहरावर बोट ठेवून ते सरळ पश्चिमेकडे नेले, तर प्लॅट नदीची रेघ बराच वेळ त्या बोटाची सोबत करीत राहते. सुमारे २८० मैल गेल्यावर त्या रेघेचे दोन पदर होतात. एक उत्तर प्लॅट, दुसरी दक्षिण प्लॅट. या दोन नद्यांच्या संगमावर नेब्रास्का राज्यातील नॉर्थ प्लॅट हे गाव वसलेले आहे. संगम म्हटला की भारतीय मनापुढे घाट, देवळे आणि यात्रा उभ्या राहतात. येथे त्यांतले काहीही नाही. कातड्यांच्या व्यापारासाठी फिरणाऱ्या फ्रेंचांनी या नदीला ‘प्लॅट’, म्हणजे सपाट, असे नाव दिले, आणि नाव इतके यथार्थ क्वचितच असते. नदी सपाट, जमीन सपाट, आणि सभोवारचे क्षितिजही सपाट. २०२० च्या खानेसुमारीत येथील वस्ती २३,३९० भरली. भारतात एवढ्या वस्तीच्या गावाची दखल त्या जिल्ह्याबाहेर कोणी घेत नाही.

तथापि या गावाची दखल दोन कारणांनी घेतली जाते. एक, जगातील सर्वांत मोठे मालगाड्यांचे यार्ड येथे आहे. दुसरे, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात या गावाने आपल्या रेल्वे स्टेशनात जे केले ते अमेरिकेत अद्याप सांगितले जाते. वरवर पाहता या दोन गोष्टींचा परस्परांशी संबंध नाही. वस्तुतः दोहोंचे मूळ एकच आहे. आगगाडीला येथे थांबावे लागे, म्हणून हे गाव झाले, आणि थांबण्याचे कारण जसजसे बदलत गेले तसतसे गावाचे दैवही बदलत गेले.

अटलांटिक आणि पॅसिफिक हे दोन महासागर लोहमार्गाने जोडण्याचा कायदा अध्यक्ष लिंकन यांनी १८६२ मध्ये मंजूर केला. पश्चिमेकडून सेंट्रल पॅसिफिक आणि पूर्वेकडून युनियन पॅसिफिक अशा दोन कंपन्या रूळ टाकीत एकमेकींच्या दिशेने निघाल्या व १० मे १८६९ रोजी युटातील प्रॉमंटरी येथे त्यांची भेट झाली. युनियन पॅसिफिकचे रूळ १८६६ च्या अखेरीस प्लॅटच्या संगमाजवळ पोहोचले. कंपनीचा मुख्य अभियंता ग्रेनव्हिल डॉज याने तेथे गावाची आखणी केली. ही भूमी ओसाड होती असे नव्हे. पॉनी, लाकोटा आणि शायेन या जमातींचा व त्यांच्या रानरेड्यांच्या कळपांचा तो मुलूख होता, आणि रुळांबरोबर तो त्यांच्या हातून गेला.

बर्फामुळे काम थंडावले आणि रुळांचे शेवटचे टोक त्या हिवाळ्यापुरते येथेच राहिले. मग मजूर, गाडीवान, जुगारी, दारूचे गुत्तेवाले असे हजारो लोक तंबू ठोकून राहिले. उन्हाळ्यात रूळ पुढे सरकताच हे सारे बिऱ्हाड तंबू-फळ्यांसकट गाडीवर चढले आणि पश्चिमेला ज्यूल्सबर्गला गेले. मागे उरली काहीशे माणसे. पुढच्या दोन वर्षांत लोहमार्गावर अशी कित्येक गावे एका हंगामात उगवली नि मावळली. नॉर्थ प्लॅट मावळले नाही, याचे श्रेय त्याच्या संगमाला नाही, की सुपीक जमिनीलाही नाही. ते वाफेच्या इंजिनाकडे जाते.

वाफेचे इंजिन हे मोठे भुकेले आणि तहानलेले यंत्र. थोड्याथोड्या अंतरावर त्याला पाणी हवे, कोळसा हवा, चुलीतील राख काढायला हवी, सांध्यांना तेल हवे. आणि शंभर-सव्वाशे मैल धावले की ते गाडीपासून सोडवून शेडमध्ये तपासायला हवे. ड्रायव्हर, फायरमन आणि गार्ड यांचीही तीच कथा. म्हणून लोहमार्गाचे विभाग पाडीत, आणि दोन विभागांच्या सीमेवर इंजिने व माणसे बदलीत. नॉर्थ प्लॅट हे असे विभागाचे ठाणे ठरले. कंपनीने तेथे लोकोशेड आणि कारखाना बांधला, आणि तंबूंच्या जागी घरे आली. १८८३ मध्ये अमेरिकन रेल्वे कंपन्यांनी देशाचे कालविभाग पाडले, तेव्हा युनियन पॅसिफिकने आपले घड्याळ बदलण्याची जागाही नॉर्थ प्लॅट हीच ठरविली. पूर्वेकडून आलेल्या गाडीचा गार्ड येथे एका वेळेने उतरे, आणि पश्चिमेकडे जाणारा एक तास मागच्या वेळेने निघे.

अशा गावातील संसार रेल्वेच्या वेळापत्रकावर चालतो. कोणत्याही रेल्वे वसाहतीत राहिलेल्या माणसाला हे वेगळे समजावून सांगावयास नको. मालगाडीला ठरलेली वेळ नसते. ती तयार झाली की माणसांना बोलावणे जाते. टेलिफोन घरोघर येण्यापूर्वी हे काम पोरसवदा निरोप्यांकडे असे. ते मध्यरात्री दार वाजवीत, आणि ड्रायव्हर डबा घेऊन निघे. दिवसा झोपणाऱ्या बापासाठी मुलांनी दबकत खेळायचे, आणि सणाचे जेवण बाप परतेल त्या दिवशी करायचे. विल्यम जेफर्स हा अशाच घरातला. १८७६ मध्ये याच गावी एका आयरिश मजुराच्या पोटी तो जन्मला, चौदाव्या वर्षी शाळा सोडून कंपनीच्या कचेरीत पोऱ्या म्हणून लागला, आणि १९३७ मध्ये त्याच युनियन पॅसिफिकचा अध्यक्ष झाला. पुढच्या कथेत त्याचा हात आहे.

गावाचा दुसरा प्रसिद्ध रहिवासी म्हणजे बफेलो बिल या नावाने जगाला ठाऊक असलेला विल्यम कोडी. ४ जुलै १८८२ रोजी स्वातंत्र्यदिनानिमित्त त्याने येथे गुराख्यांच्या कसरतींचा मोठा मेळा भरविला, आणि त्यातूनच पुढल्या वर्षी त्याची जगप्रसिद्ध सर्कस निघाली. त्याचा वाडा व तबेला अद्याप जतन केलेला आहे आणि प्रवासी तो पाहावयास जातात. गावाला त्याचा अभिमान वाटतो. पण हे गाव चालविले ते गुराख्यांनी नव्हे, फायरमननी.

आता १९४१ च्या डिसेंबरकडे वळावयास हवे. ७ तारखेला पर्ल हार्बरवर हल्ला झाला. दहा दिवसांनी गावात वार्ता पसरली की नेब्रास्का नॅशनल गार्डची डी कंपनी, म्हणजे आपलीच मुले, सैनिकी गाडीने पश्चिमेकडे जाणार आहेत. १७ डिसेंबरला सुमारे पाचशे माणसे खाऊ, सिगारेटी आणि नाताळच्या भेटी घेऊन फलाटावर जमली. थंडीत बराच वेळ वाट पाहिल्यावर गाडी आली. ती डी कंपनीचीच होती. पण नेब्रास्काची नव्हे, कॅन्ससची. लोक क्षणभर स्तब्ध झाले. परक्या राज्यातील परकी मुले खिडक्यांतून त्यांच्याकडे पाहत होती. मग कोणीतरी पुढे होऊन आपल्या मुलासाठी आणलेले पुडके समोरच्या मुलाच्या हाती दिले, आणि पाहता पाहता सारी पुडकी गाडीत गेली.

त्या गर्दीत रे विल्सन नावाची सव्वीस वर्षांची तरुणी होती. ती औषधांच्या दुकानात नोकरीस होती, आणि तिचा भाऊ नेब्रास्काच्या त्या कंपनीत अधिकारी होता. घरी जाऊन तिने स्थानिक वृत्तपत्राला पत्र लिहिले. युद्ध चालेल तोवर येथून जाणाऱ्या प्रत्येक सैनिकी गाडीला गावाने असेच सामोरे जावे, अशी सूचना तिने त्यात केली आणि त्या कामाला स्वतः वाहून घेण्याची तयारी दाखविली. २५ डिसेंबरच्या रात्री पहिल्या गाडीचे स्वागत झाले. आरंभी सामान जवळच्या एका हॉटेलात ठेवीत. पुढे जेफर्सने स्टेशनातील उपाहारगृहाची जागा दिली. अध्यक्षाच्या खुर्चीत बसलेल्या माणसाला तो फलाट पाठ होता, ही गोष्ट येथे कामास आली. ‘नॉर्थ प्लॅट कँटीन’ या नावाने ते काम १ एप्रिल १९४६ पर्यंत एक दिवसही खंड न पडता चालले. रे विल्सन प्रकृतीच्या कारणाने लवकरच बाजूला झाली, पण काम थांबले नाही.

आकडे पाहिले की या कामाचा खरा आवाका ध्यानात येतो. गावाची वस्ती तेव्हा सुमारे १२ हजार. गर्दीच्या दिवसांत वीस-बावीस सैनिकी गाड्या येत, आणि रोज तीन ते पाच हजार सैनिक त्या उपाहारगृहातून जात. एकूण संख्या साठ लाखांच्या घरात मोजली जाते. गाडी थांबे ती दहा-पंधरा मिनिटे, इंजिनाने पाणी घेईपर्यंत आणि चाकांना तेल दिले जाईपर्यंत. एवढ्या वेळात शेकडो मुले धावत आत येत, सँडविच, उकडलेले अंडे, डोनट, केकचा तुकडा आणि कॉफी घेत, कोणी पियानोभोवती जमून गाणे म्हणे, आणि शिट्टी होताच सारे धावत परत जात. खाद्यपदार्थांसाठी पैसे घेतले जात नसत. ज्याचा त्या दिवशी वाढदिवस असे त्याला अख्खा केक मिळे. रोज असे वीसेक केक लागत. रुग्णगाड्या येत तेव्हा जखमींना उतरता येत नसे, म्हणून मुली टोपल्या घेऊन डब्यात जात. मक्याच्या लाह्यांचे लाडू बांधून त्यांत आपले नाव-पत्ता लिहिलेली चिठ्ठी ठेवण्याची हौस काही मुलींना होती. त्यांतून पत्रव्यवहार झाले, आणि क्वचित लग्नेही.

सरकारने यासाठी पैसा दिला नाही. अध्यक्ष रूझवेल्ट यांनी पाच डॉलर पाठविले, ते व्यक्तिशः. बाकी सारे लोकांचे. नृत्याचे कार्यक्रम, मोडीची विक्री, गुरांच्या बाजारातील लिलाव, अशा मार्गांनी सव्वा लाखाहून अधिक डॉलर जमले. एका लहान मुलाने तर अंगातला सदरा लिलावात विकला, आणि तेवढ्यावर न थांबता पुढल्या बाजारी पुन्हा दुसरा विकला. पण पैशापेक्षाही अवघड होता तो जिन्नस. साखर, कॉफी, लोणी, मांस यांवर नियंत्रण होते आणि प्रत्येक घराला शिधापत्रिकेवर मोजून मिळे. वाढदिवसाच्या केकमधली साखर कोणत्या तरी घरच्या चहा-कॉफीतून वजा झालेली असे. नेब्रास्काच्या माळावर फेझंट पक्षी पुष्कळ. शिकारीवर नियंत्रण नव्हते, म्हणून फेझंटची सँडविचे होऊ लागली. किनाऱ्यावरच्या शहरांतून आलेल्या मुलांना ती मेजवानी वाटे. ती वस्तुतः टंचाईतून निघालेली तोड होती.

एवढा भार एकट्या गावाला पेलवणारा नव्हता. आसपासच्या, आणि दीड-दोनशे मैलांवरच्याही, सुमारे सव्वाशे गावांनी आपापले दिवस वाटून घेतले. त्यांतील काही शेजारच्या कोलोराडो राज्यातील होती. ज्या खेड्याची पाळी असे तेथल्या बायका आदल्या रात्रीपर्यंत भाजत-रांधत, आणि पहाटे मोटारीत डबे भरून निघत. पेट्रोललाही मोजमाप होते, म्हणून अनेक घरे मिळून एक गाडी. सव्वाचार वर्षांत काम केलेल्या स्वयंसेवकांची संख्या ५५ हजार सांगतात. सैनिकी गाड्यांच्या वेळा गुप्त असत; रेल्वेतील माणूस कँटीनमध्ये निरोप देई तो कॉफीचे भांडे चुलीवर चढले, एवढाच. आपला मुलगा पडल्याची तार हाती आल्यावरही पाळीच्या दिवशी कामास आलेल्या आईची हकीकत तेथे सांगतात. माझ्या मुलासाठी आता काही करता येत नाही, दुसरीच्या मुलासाठी येईल, असे काहीसे ती म्हणाली म्हणे.

या कथेचा मोह असा की ऐकणाऱ्याला ते गाव देवमाणसांचेच वाटू लागते. म्हणून त्याच गावातील बारा वर्षांपूर्वीची एक गोष्ट सांगणे प्राप्त आहे. १९२९ च्या जुलैमध्ये एका कृष्णवर्णीय इसमाच्या गोळीने एक पोलीस ठार झाला. संशयित मृतावस्थेत सापडला, पण जमावाचे समाधान त्याने झाले नाही. गावातील कृष्णवर्णीय कुटुंबांना चालते होण्याचा हुकूम देण्यात आला, आणि त्या वेळच्या वृत्तपत्रांनी छापल्याप्रमाणे सुमारे दोनशे माणसे हाती लागेल ते घेऊन एका दिवसात गाव सोडून गेली. राज्यभर या घटनेचा धिक्कार झाला, काही कुटुंबे परतलीही. १९४१ नंतर याच गावच्या फलाटावर कृष्णवर्णीय सैनिकांच्या तुकड्याही उतरत. अमेरिकन लष्करात तेव्हा वर्णभेद कायद्याने पाळला जात होता. कँटीनमध्ये मात्र त्यांना तेच टेबल आणि तीच कॉफी मिळे, असे तेथे काम केलेल्या स्त्रियांनी पुढे सांगितले आहे. या दोन्ही गोष्टी एकाच पिढीच्या हातून घडल्या. दहा मिनिटांपुरता येणारा परका आणि शेजारी राहणारा परका यांत माणसे अंतर करतात, एवढे यावरून दिसते. पण हे नॉर्थ प्लॅटपुरतेच खरे आहे, असे मात्र म्हणता येणार नाही.

युद्ध संपले, कँटीन बंद झाले, आणि पुढल्या काही वर्षांत वाफेचे इंजिनही गेले. डिझेल इंजिनाला पाणी नको, कोळसा नको, वारंवार थांबणेही नको. अमेरिकेतील शेकडो रेल्वे-गावांचा कणा या एका बदलाने मोडला. शेडी ओस पडल्या आणि तरुण माणसे बाहेर गेली. नॉर्थ प्लॅट वाचले, कारण कंपनीने थांबण्याचे नवे कारण तेथे निर्माण केले होते. ते कारण म्हणजे यार्ड.

मालगाडीतील सर्व वाघिणी एका ठिकाणच्या नसतात. ओरेगनचे लाकूड शिकागोला, आयडाहोचे बटाटे टेक्ससला, टेक्ससची रसायने आणखी कोठे. हे सारे एका गाडीत मिसळून येते, आणि ते कोठेतरी निवडून, एका दिशेच्या वाघिणींची वेगळी गाडी करावी लागते. पोस्टात पत्रांची विभागणी होते तसेच हे, फक्त प्रत्येक पत्र शंभर टन वजनाचे. यासाठी रुळांवर एक कृत्रिम टेकाड उभारतात. मुगलसरायचे यार्ड ज्यांनी पाहिले असेल त्यांना ही रचना परिचित आहे. इंजिन मागून ढकलते, माथ्यावर कडी सोडतात, आणि वाघीण स्वतःच्या भाराने उतरणीवरून घरंगळत खाली जाते. खाली सांधे फिरून तिला नेमक्या रुळावर वळवितात. आणि रुळालगतचे जबडे चाकांना दोन्ही बाजूंनी दाबून तिचा वेग इतका कमी करतात की पुढल्या वाघिणीला ती हलकेच टेकावी. नॉर्थ प्लॅटला पहिले असे टेकाड १९४८ मध्ये झाले. आज तेथे दोन आहेत. पूर्वेकडे जाणाऱ्या गाड्यांसाठीचे ३४ फूट उंच, पश्चिमेकडच्यांसाठीचे २० फूट. त्यांच्या पायथ्याशी मिळून ११४ रूळ पसरलेले आहेत. कंपनीच्या एका जुन्या अध्यक्षाच्या नावावरून या साऱ्याला बेली यार्ड म्हणतात. लांबी आठ मैल, क्षेत्र २,८५० एकर, आणि सगळे रूळ एकापुढे एक ठेवले तर ३१५ मैल भरतील. कंपनीने दिलेल्या आकड्यांप्रमाणे भरभराटीच्या काळात दिवसाकाठी सुमारे १४ हजार वाघिणी येथून जात, आणि त्यांपैकी तीनएक हजार टेकाडांवरून निवडल्या जात. २००८ मध्ये यार्डाकाठी आठ मजली मनोरा उभारला गेला. वरून पाहणाऱ्याला, एकही माणूस न दिसता वाघिणी आपापल्या वाटेने चाललेल्या दिसतात.

यार्ड वाढत असताना स्टेशन मात्र गेले. १९७१ च्या मे महिन्यात अमेरिकेतील उतारूगाड्यांचा कारभार नव्या राष्ट्रीय महामंडळाकडे गेला, आणि त्याने या मार्गावरून उतारूगाडी ठेवली नाही. रिकामी इमारत कंपनीने १९७३ मध्ये पाडली. साठ लाख मुलांनी ज्या दारातून आत धाव घेतली होती ते दार असे गेले, आणि गावाला त्याचा सल आहे. जागेवर एक छोटे स्मारक आहे. कँटीनच्या वस्तू जिल्ह्याच्या संग्रहालयात आहेत. जगातील सर्वांत मोठ्या यार्डाच्या गावी आगगाडीने जाण्याची सोय आज नाही. जायचे तर मोटारीने, गावाच्या दक्षिणेकडून जाणाऱ्या हमरस्त्यावरून.

यार्डालाही आता काळाने हात घातला आहे. वायोमिंगच्या खाणींतून निघणाऱ्या कोळशाच्या लांबलचक गाड्या हा या मार्गाचा मोठा धंदा होता. विजेसाठी कोळशाचा वापर कमी होत गेला तसा तो ओसरला. शिवाय २०१८ च्या अखेरीस कंपनीने गाड्या चालविण्याची नवी पद्धत अंगीकारली. वाघिणी कमी वेळा निवडाव्या, कमी ठिकाणी थांबवाव्या, आणि कमी इंजिनांत व कमी माणसांत अधिक लांब गाड्या न्याव्या, हा तिचा गाभा. भागधारकांच्या दृष्टीने त्यात खोट काढण्यासारखे काही नाही. परंतु ज्या गावाची भाकरी थांबण्यावर अवलंबून आहे त्याला ‘कमी थांबा’ या दोन शब्दांचा अर्थ निराळा लागतो. नोकऱ्या कमी झाल्या. २०१० मध्ये २४,७३३ असलेली वस्ती दहा वर्षांत तेराशेंनी घटली. आजा, बाप आणि मुलगा एकाच कंपनीत, ही परंपरा असलेल्या घरांना प्रथमच दुसरीकडे पाहावे लागले. परिसरातील गुरे पाळणाऱ्यांनी पुढाकार घेऊन गोमांस प्रक्रियेचा मोठा कारखाना गावालगत काढण्याचे ठरविले. त्याची उभारणी २०२२ मध्ये सुरू झाली आणि २०२५ मध्ये तो चालू झाला. त्यात आठशेंच्या वर माणसांना काम मिळावे अशी योजना होती. रेल्वेखेरीज दुसऱ्या एका मालकाकडे एवढ्या माणसांनी कामास जावे, हा या गावाला नवा अनुभव आहे.

२०१८ च्या जून महिन्यात आर्कान्सॉ राज्याच्या नॅशनल गार्डचे सुमारे सातशे जवान वायोमिंगमधील सराव आटोपून बसगाड्यांनी घरी निघाले होते. वाटेत कोठेतरी थांबून जेवण घेणे भागच होते. ही वार्ता नॉर्थ प्लॅटला कळली. स्टेशन नव्हते, तेव्हा गावातल्या एका सभागृहात टेबले मांडली गेली. बायकापुरुषांनी पाळ्या लावून घेतल्या, आणि बसगाड्यांचे तांडे एकामागून एक आले तसतशी जवानांची पाने वाढली गेली. सँडविचे होती, उकडलेली अंडी होती, आणि ज्यांचा त्या सुमारास वाढदिवस होता त्यांच्यासाठी केकही होते.